दहा हजारांचा जामीन

जामीन हा शब्द आपल्या जुन्या दप्तरांत इतका रुळलेला आहे कीं, त्याचे निरनिराळे प्रकारच पडले होते. देणें फिटेल अशी हमी घेणारा तो मालजामीन, वर्तणूक नीट राहील असें सांगणारा तो फैलजामीन, आणि बोलावतांच माणूस हजर होईल म्हणून उभा राहणारा तो हाजीरजामीन. आमच्या शाहूपुरींतील गुळाच्या अडत्यास मालजामीन चटकन समजतो. तेथें रक्कम व मुदत दोन्ही कागदावर असतात. हाजीरजामिनांत मात्र दुसऱ्याच्या पायांवर विश्वास ठेवावयाचा असतो. अशा एका विश्वासाची हकीकत कोल्हापूरच्या इतिहासांत गुंतलेली आहे.

इ. स. १८८१ च्या जानेवारींत पुण्यास 'केसरी' व 'मराठा' हीं पत्रें निघालीं. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हां चौथे शिवाजी महाराज होते. तरुण महाराजांस वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, अशी बोलवा सर्वत्र होती आणि संशय होता दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर. बर्व्यांचीं म्हणून कांहीं पत्रें या नव्या संपादकांच्या हातीं आलीं व त्यांच्या आधारें त्यांनीं तिखट मजकूर छापला. बर्व्यांनीं अब्रूनुकसानीची फिर्याद केली. पत्रें बनावट ठरलीं. संपादकांचा हेतु शुद्ध होता, पण पुरावा खोटा होता. कायद्याला दुसरीच गोष्ट दिसते.

आरोपी होते टिळक आणि आगरकर, दोघेही पंचविशींतले, नव्या शाळेंत अल्प वेतनावर शिकविणारे. जामीन हवा होता दहा हजार रुपयांचा. एवढी रक्कम शाळामास्तराच्या उभ्या नोकरींत शिल्लक पडत नसे, हें मी मास्तर म्हणूनच सांगतों. तेव्हां जोतीराव फुले यांच्या सांगण्यावरून त्यांचे सत्यशोधक स्नेही रामशेठ बापूशेठ उरवणे पुढें आले व त्यांनीं तो जामीन भरला.

ही गोष्ट सहज घडण्यासारखी नव्हती. टिळक-आगरकरांचे सहकारी विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं 'निबंधमाले'त जोतीरावांवर जहाल टीका केलेली होती. तरी छत्रपतींच्या गादीसाठीं दोन तरुण संकटांत सांपडले आहेत, एवढें जोतीरावांस पुरेसें वाटलें असावें. त्यांचीं मतें पटलीं पाहिजेत, किंवा ते निर्दोष असलेच पाहिजेत, अशी अट त्यांनीं घातली नाहीं. माझ्या मतें या प्रकरणांतील मोठेपणा येथेंच आहे. बचावासाठीं निधि जमला, विद्यार्थ्यांनीं नाटकें केलीं. पण जुलै १८८२ मध्यें दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली. २६ ऑक्टोबरला डोंगरीच्या तुरुंगांतून ते सुटले, तेव्हां स्वागतास सत्यशोधक मंडळीही होती. आगरकरांनीं त्या एकशें एक दिवसांवर पुढें पुस्तकच लिहिलें.

१८९७ सालीं टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हां त्यांचा जामीन आधीं नाकारला गेला. ४ ऑगस्ट रोजीं न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनीं तो मंजूर केला आणि मुंबईचे गुजराती धनिक द्वारकादास धरमसी जामीन राहिले. त्या वेळीं टिळकांच्या बाजूनें जामीन मागणारे बॅरिस्टर दावर १९०८ सालीं स्वतः न्यायासनावर होते; त्यांनीं मात्र तो नाकारला!

या सर्वांस निदान ओळखणारे लोक होते. ज्याला कोणीच ओळखत नाहीं त्याचें काय? १९७८ सालीं मध्य प्रदेशांतील एका गवंड्याकडे असाच दहा हजारांचा जामीन मागितला गेला, आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता परजिल्ह्यांतील म्हणून तो नाकारला गेला. न्या. कृष्ण अय्यर यांनीं सर्वोच्च न्यायालयांत हा अन्याय दूर केला. पुढल्याच वर्षीं बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षें खटल्याची वाट पाहत पडलेल्या कच्च्या कैद्यांचें प्रकरण त्याच न्यायालयापुढें आलें.

१९९० सालीं मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेंत 'प्रयास' हें काम सुरू झालें. त्याचे कार्यकर्ते तुरुंगांत जाऊन कच्च्या कैद्यांस भेटतात, त्यांच्या घरीं निरोप पोंचवितात, वकिलाची गांठ घालून देतात. २०२३ सालीं गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठीं चाळीस हजार रुपयांपर्यंत मदत देण्याची केंद्र सरकारची योजनाही सुरू झाली. पण त्या पैशासाठींसुद्धां आधीं कोणीतरी कोठडीच्या गजांपाशीं बसून त्या माणसाचें नांव, गांव आणि खटल्याचा नंबर लिहून घ्यावा लागतो.