निरोप घेणारे यंत्र आणि निरोप सांगणारी माणसे

मोठ्या कंपन्यांचा इतिहास त्या कंपन्या स्वतःच लिहवून घेतात. लहान कारखानदारांच्या वाट्याला मात्र एखादे पेटंट, एखादी जुनी जाहिरात आणि उशिरा छापून आलेला मृत्युलेख एवढेच येते. दूरध्वनीवर आलेला निरोप टिपून ठेवणाऱ्या यंत्राचा, म्हणजे आन्सरिंग मशीनचा, इतिहास अशा लहान कारखानदारांचाच आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात बसून तो वाचताना आम्हाला त्यात आपलाही एक न लिहिलेला अध्याय दिसतो. हे टिपण त्यासाठीच.

कल्पना जुनी आहे. डेन्मार्कमधील दूरध्वनी अभियंता व्हाल्डेमार पौल्सेन याने १८९८ साली पोलादी तारेवर चुंबकीय पद्धतीने आवाज साठवण्याचे यंत्र सिद्ध केले. त्याला संगीत टिपायचे नव्हते. घरी नसलेल्या माणसासाठी दूरध्वनीवर निरोप ठेवता यावा, हा त्याचा हेतू होता. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात हे यंत्र गाजले. पुढे अमेरिकेत त्याच्या निर्मितीसाठी कंपनीही निघाली. पण आवाज क्षीण, यंत्र नाजूक आणि कारभार अव्यवस्थित, त्यामुळे ती तग धरू शकली नाही.

खरी अडचण तंत्राची नव्हतीच, हे पुढे उघड झाले. १९३४च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत क्लॅरेन्स हिकमन या संशोधकाने चुंबकीय फितीवर चालणारे असे यंत्र तयार केले होते. तंत्रेतिहासकार मार्क क्लार्क यांनी १९९३ साली दाखवून दिले, की ते बाजारात येऊ नये, असे खुद्द कंपनीच्या धुरिणांनाच वाटत होते. आपले बोलणे टिपले जाऊ शकते हे कळले, तर लोक दूरध्वनीवर मोकळेपणाने बोलणार नाहीत, अशी त्यांना धास्ती होती. ज्याच्या हाती तार, त्याच्याच हाती तारेच्या टोकाला काय जोडायचे याचा निर्णय! परक्या कोणाचे उपकरण आपल्या तारेला जोडू द्यायचे नाही, हा बेलचा दंडक होता.

या दंडकाच्या छायेत १९४९ साली विस्कॉन्सिन राज्यात 'इलेक्ट्रॉनिक सेक्रेटरी इंडस्ट्रीज' ही लहानशी कंपनी उभी राहिली. तिचा संस्थापक जोसेफ झिमरमन विद्युत अभियंता होता आणि वातानुकूलनाचा छोटा व्यवसाय करीत होता. तो कामावर बाहेर पडला, की कचेरीत फोन घ्यायला कोणी नसे आणि सेक्रेटरी ठेवणे परवडत नसे. त्या न परवडणाऱ्या माणसाचेच नाव त्याने यंत्राला दिले. यंत्राची रचना मोठी मासलेवाईक होती. घंटी वाजली, की फोनखालची पेटी हँडसेट वर उचली, तबकडीवरचा आवाज मालक बाहेर असल्याचे सांगे आणि पोलादी तारेवर समोरच्याचे अर्धा मिनिट बोलणे टिपले जाई. माणसाचा हात जे करतो तेच करणारे यंत्र! १९५७ साली झिमरमनने आपले हक्क जनरल टेलिफोन या मोठ्या कंपनीला विकले, तेव्हा अशी ६,००० हून अधिक यंत्रे वापरात होती. परक्या उपकरणांवरील बंदी खऱ्या अर्थाने मोडली ती १९६८च्या कार्टरफोन निर्णयाने. झिमरमन २००४ साली वारला.

आता आपल्याकडे पाहू. वऱ्हाडचा आणि तारेचा संबंध कापसाने जोडला. १८७० साली लॉर्ड मेयो याच्या हस्ते खामगावच्या कापूस बाजाराकडे जाणारा रेल्वेचा फाटा सुरू झाला आणि त्याच वर्षी मुंबई समुद्राखालच्या तारेने लंडनला जोडली गेली. म्हणजे वेगवान निरोपाचे महत्त्व या भूमीला नवे नव्हते. पण १८८५च्या तार कायद्याने इथली तार सरकारच्या मक्त्यात होती, आणि फोनसंचाची निर्मिती खासगी उद्योगांना खुली झाली ती १९८४च्या सुमारास. तोवर फोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे थांबणाऱ्यांना आन्सरिंग मशीनचे स्वप्न कोठून पडणार?

तरीही निरोप पोहोचत होतेच. लग्नपत्रिकांवर, दुकानांच्या पावत्यांवर, शिक्षकांच्या पत्रांवर फोन नंबरापुढे कंसात 'पी.पी.' अशी अक्षरे असत. ट्रंक कॉलच्या काळातील 'पर्टिक्युलर पर्सन' या प्रकाराचे ते लघुरूप. आपल्याकडे त्याचा अर्थ झाला 'शेजाऱ्यांचा फोन, बोलावून देतील'. किराणा दुकानदार, औषधविक्रेता, अडत्या, पुढे एसटीडी बूथवाला, ही आपली चालतीबोलती आन्सरिंग मशीन. झिमरमनला जी सेक्रेटरी परवडली नाही, ती आपल्याला विनावेतन लाभली होती.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. शेजारच्या ओट्यावर उभे राहून बोलावे लागे, तेव्हा घरातले दुखणे, कर्ज, मोडलेली सोयरीक सारे चारचौघांच्या कानी जाई. बोलावणे कोणाकडे लगेच जायचे आणि कोणाकडे सावकाश, यातही गावातली उतरंड उमटत असे. यंत्र जातपात पाहत नाही, कुजबुजत नाही. हा त्याचा मोठाच गुण. पण यंत्र निरोप साठवते, पोहोचवत नाही. मृत्यूची बातमी आली, तर तो दुकानदार गल्ला सोडून निघे आणि ती कशी सांगावी याचा विचार वाटेतच करी. ही जबाबदारी कोणत्याही तबकडीवर उतरलेली नाही.

विस्कॉन्सिनच्या कारखान्याचे निदान पेटंट उरले. आपल्या निरोप्यांचे काय उरले? भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा तिच्यावर लेख आले; 'पी.पी.' ही अक्षरे मात्र न सांगता नाहीशी झाली. जुन्या लग्नपत्रिका, बिलबुके, बूथच्या वह्या अजून जिल्ह्यातील घराघरांत माळ्यावर पडून आहेत. इतिहासाचे आणि मराठीचे विद्यार्थी त्या गोळा करू लागले, तर कोणाच्या फोनवर कोणाकोणाचे निरोप येत, याचा गावनिहाय नकाशा तयार होईल. माळे साफ होण्यापूर्वी हे काम व्हावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.