अण्णांचा मुक्काम

मेल्यावर माणूस जातो कुठे, याबद्दल तर्क लढवायची सवय मराठी माणसाला टीव्हीने लावली, असं कुणी म्हणालं तर त्याला एकदा दहाव्याला घेऊन जावं. पिंड मांडलेला असतो, कावळा फांदीवर मान वाकडी करून बसलेला असतो आणि खाली जमलेली मंडळी गेलेल्याच्या मनातलं ओळखत असतात. ‘धाकटीचं लग्न लावून देऊ हो!’ कावळा ढिम्म. ‘शेत विकणार नाही!’ कावळा तसाच. शेवटी दर्भाचा कावळा करायची पाळी येते.

तेव्हा २०१६ साली झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली आणि आरंभीच अण्णा नाईक वारले, तेव्हा आमच्या तिरोड्याची पूर्वतयारी चोख होती. वाडा सावंतवाडीजवळच्या आकेरीचा, म्हणजे राज्याचं दुसरं टोक, बोली मालवणी. पण मंडईच्या दिवसांत रात्रभर नाटक बघून सकाळी कामाला लागणारी आमची झाडीपट्टी. तिच्या हिशेबी रात्री साडेदहा म्हणजे संध्याकाळच!

आळीत लगेच पक्ष पडले. तरुणांचं म्हणणं, इस्टेटीसाठी वाड्यातलंच कुणीतरी खेळ करतंय. शाळेतले विज्ञानवाले म्हणत, सगळे मनाचे भास. बहुमत मात्र अण्णा घरातच आहेत या बाजूला. हसू नका, अमेरिकेत ‘लॉस्ट’ मालिका २०१० साली संपली, तेव्हा बेटावरची माणसं विमान पडलं तेव्हाच मेली होती असं कितीतरी प्रेक्षकांनी ठरवून टाकलं. तसं नाही, हे मालिकावाल्यांनी सांगूनही ऐकतो कोण!

शेजारच्या काकूंचा पक्ष एकटीचा. त्यांचे यजमान आदल्या वर्षी गेलेले, आणि दोन मुलांत बांधावरून अबोला. ‘भूतगीत काही नाही जी गुरुजी,’ त्या म्हणायच्या, ‘पोरं भांडून रायले, म्हणून थांबला असन तो.’ असं म्हटलं की थोरला हटकून पाणी प्यायला उठायचा.

२०१९ च्या दुसऱ्या भागात मालिकेने काळच मागे नेला. मेलेल्याला परत आणायचा हा सगळ्यात स्वस्त उपाय! माधव अभ्यंकरांचे अण्णा हिंडूफिरू लागले. माणूस पक्का नालायक, शेवट सगळ्यांना ठाऊक, तरी लोक जीव टाकून बघत. २०२१ च्या तिसऱ्या भागात ते उघड उघड भूत होऊनच आले आणि तर्काची गंमत गेली.

काकूंनी तो भाग पाहिला नाही. तोवर त्यांच्याकडे वाटणी झाली होती. मधोमध भिंत, दोन चुली, काकू सहा-सहा महिने इकडेतिकडे. मी विचारलं, ‘का हो काकू, अण्णा आलेत परत.’

‘येवू द्या,’ त्या म्हणाल्या. ‘आमचे आले, त कोन्या दारानं येतीन?’