बनावट धनादेश : जमा करणाऱ्याची जबाबदारी

धनादेशाची रक्कम खात्यात दिसली म्हणजे व्यवहार पूर्ण झाला, असा सर्वसाधारण समज आहे. कायदा तसे मानत नाही. धनादेश पुढे बनावट ठरल्यास रकमेची मागणी ज्याच्या खात्यात ती जमा झाली त्याच्याकडे येऊ शकते.

हे तत्त्व जुनेच आहे. १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी असलेल्या उज्जैनसारख्या माळव्यातील पेठांत हुंड्यांवर व्यापार चाले. शाहजोग हुंडीची रक्कम बाजारात पत असलेल्या ‘शाहा’लाच देण्याचा दंडक होता. हुंडी चोरीची किंवा खोटी निघाल्यास ती रक्कम व्याजासह परत करण्याचे दायित्व त्या शाहावर असे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानेही देशी भाषांतील हुंड्यांविषयीचे स्थानिक रिवाज कायम ठेवले.

नुकसान कोणाचे?

खातेदाराची सही खोटी असेल, तर त्याच्या खात्यातून पैसे देण्याचा अधिकार बँकेला मिळतच नाही. हिशेबनिसाने खोट्या सह्या करून वटवलेल्या ४२ धनादेशांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कॅनरा बँकेविरुद्ध हेच सूत्र मान्य केले. मग बँक रक्कम घेणाऱ्याकडे वळते. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकीने मिळालेले पैसे परत करावे लागतात. आपण प्रामाणिक होतो, एवढे सांगून ही दिवाणी जबाबदारी सहसा टळत नाही.

फौजदारी जबाबदारी मात्र हेतू व जाणिवेवर अवलंबून असते. दस्तऐवज बनावट असल्याचे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना, तो खरा म्हणून वापरणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४० नुसार तो बनवणाऱ्याइतकीच शिक्षा होते. कमिशन घेऊन आपले खाते दुसऱ्याला वापरू देणारा म्हणूनच धोक्यात येतो.

‘वटला’ म्हणजे खरा नव्हे

उज्जैनच्या शाखेवरील धनादेश म्हापशात भरला, तर आज कागद प्रवास करीत नाही. त्याची केवळ प्रतिमा जाते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून सलग समाशोधन सुरू झाल्याने धनादेश त्याच दिवशी वटू शकतो. मात्र फसवणूक उघड होण्यास त्यानंतरही काही दिवस लागू शकतात. १ जानेवारी २०२१ पासून ५० हजार रुपये व त्यावरील धनादेशांसाठी ‘पॉझिटिव्ह पे’ सुविधा आहे. तीत धनादेश देणारा त्याचा तपशील बँकेला आधीच कळवतो.

ग्राहकाने काय करावे?

• अनोळखी व्यक्तीचा धनादेश आपल्या खात्यात भरू नये.

• देय रकमेपेक्षा जास्त रकमेचा धनादेश देऊन ‘उरलेले पैसे परत पाठवा’ असे कोणी सांगितल्यास व्यवहार थांबवावा.

• मोठ्या रकमेचा माल देण्यापूर्वी धनादेश देणाऱ्याने पॉझिटिव्ह पेमध्ये नोंद केली आहे का, हे विचारावे.

• संशय येताच बँकेला लेखी कळवून पोच घ्यावी. रक्कम खर्च करू नये. पावत्या, करार व संदेश जपून ठेवावेत; प्रामाणिकपणा सिद्ध करण्यास तेच उपयोगी पडतात.

• बँकेने ३० दिवसांत तक्रारीचे निवारण न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.