लाट, कॅमेरा आणि फोटोची कोरी पाठ

परभणीतून बोलतोय आणि आजचा विषय आहे समुद्राच्या लाटा. हसा, हसा. मुंबईचा किनारा आपल्यापासून जवळपास पाचशे किलोमीटर. "जगात जर्मनी, भारतात परभणी" हे आपण कितीही छाती फुगवून म्हटलं तरी लाट काही आपल्याकडे येत नाही.

पण मोबाईलवर येते. फळीवर उभा राहिलेला पोरगा, मागे निळ्या पाण्याची भिंत आणि खाली गाणं. आपण बघतो, लाईक करतो, पुढे सरकतो. मला प्रश्न पडला तो वेगळाच. लाटेवर स्वार होणाऱ्या माणसाचा फोटो पहिल्यांदा काढला गेला, तेव्हा त्या माणसाचं नाव कुणी लिहून ठेवलं का? ते शोधायला आपल्याला आधी मद्रासला जावं लागेल.

एकोणिसाव्या शतकातलं मद्रास. एवढं मोठं शहर, पण जहाज लागेल असं बंदरच नाही. जहाजं लांब खोल पाण्यात नांगर टाकून उभी राहायची. किनारा आणि जहाज यांच्यामध्ये फुटणाऱ्या लाटांच्या रांगा. माणसं आणि माल उतरवायला 'मसुला' नावाच्या होड्या असत. त्यांच्या फळ्यांना खिळा नसायचा, त्या काथ्याने शिवलेल्या असायच्या. खिळे ठोकलेली ताठ होडी वाळूवर आपटली की फुटायची. शिवलेली होडी लवायची आणि वाचायची.

समुद्र इतका खवळला की मसुलाही बाहेर पडत नसे, तेव्हा कोळी कट्टुमरम घेऊन निघायचे. इंग्रजीतला 'कॅटामरान' हा शब्द इथूनच गेला. तमिळमध्ये अर्थ साधा आहे : बांधलेली लाकडं. काही ओंडके दोरीने एकत्र आवळायचे आणि त्यावर गुडघे टेकून वल्ही मारत लाटांमधून जायचं. जहाजावरची पत्रं आणायचं कामही याच लोकांकडे. पत्रं कुठे ठेवायचे? डोक्यावर! पाणी आत जाणार नाही अशी घट्ट विणलेली उंच टोपी असायची, तिच्यात. माणूस लाटेखाली जायचा, पत्र कोरडं राहायचं.

आता हे आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. मराठीत आपण 'सांगड घालणे' म्हणतो ना? सांगड म्हणजे मुळात हेच. ओंडके नाहीतर सुके भोपळे एकत्र बांधून केलेला तराफा, नदी ओलांडायला. गोदावरीकाठच्या गावांत पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलेली म्हातारी माणसं अजून भेटतात. मद्रासचा कट्टुमरम आणि गंगाखेडचा भोपळा, दोन्हींमागचं शहाणपण एकच : जे तरंगतं ते अंगाला बांधा आणि पाण्यात उतरा.

कॅमेरा आल्यावर मद्रासच्या या लोकांचे भरपूर फोटो निघाले. पोस्टकार्डं छापली गेली, विलायतेला गेली. आजही ती इंटरनेटवर सापडतात. त्यांच्याखाली काय लिहिलेलं असतं? 'कॅटामरान, मद्रास'. 'मसुला होडी, मद्रास'. म्हणजे होडीचं नाव आहे, शहराचं आहे. लाटेवर बसलेल्या माणसाचं नाव मला एकाही कार्डावर दिसलेलं नाही.

आता जरा लांब, हवाई बेटांवर जाऊ. लाकडी फळीवर उभं राहून लाटेवरून येणं हा तिथल्या लोकांचा जुना खेळ. १७७८ मध्ये कॅप्टन कुक तिथे पोचला, त्याच्याही कितीतरी आधीचा. पण या खेळातलं एक नाव जगभर गेलं : ड्यूक कहानामोकू. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्याचं सुवर्णपदक त्याने जिंकलं, आणि पदकामुळे जगाला त्याचं नाव ठाऊक झालं.

ड्यूकच्या प्रभावाखाली आलेला एक अमेरिकन पोरगा होता, टॉम ब्लेक. जन्म मिलवॉकीचा, म्हणजे समुद्रापासून आपल्यासारखाच लांब. त्याने दोन कामं केली. एक, जड भरीव फळीऐवजी आतून पोकळ फळी रूढ केली. (आपला भोपळासुद्धा पोकळच की!) दुसरं, कॅमेऱ्यासाठी पाणी न शिरणारी पेटी बनवली आणि थेट लाटांमध्ये जाऊन फोटो काढले. १९३५ मध्ये ते 'नॅशनल जिऑग्राफिक'मध्ये छापून आले. मद्रासच्या कोळ्याने टोपीत पत्र कोरडं ठेवलं, ब्लेकने पेटीत कॅमेरा कोरडा ठेवला. तोपर्यंत लाटेचा फोटो बहुतेकदा वाळूवर उभं राहून काढलेला असायचा. आता तो लाटेच्या आतून दिसायला लागला.

ब्लेकचे फोटो पाहून कॅलिफोर्नियातला एक दातांचा डॉक्टर पेटला. जॉन बॉल, सगळे त्याला 'डॉक' म्हणायचे. आपल्याच मित्रांचे फोटो त्याने वर्षानुवर्षं काढले आणि १९४६ मध्ये पुस्तक केलं. प्रती जेमतेम पाचशेच्या आसपास. पण फोटोखाली कोण, कुठे, हे त्याने लिहिलं. कारण सरळ आहे : फोटो काढणारा त्याच टोळीतला होता. त्याच्यासाठी तो 'एक सर्फर' नव्हता, रोज सोबत पाण्यात उतरणारा दोस्त होता.

आता आपल्या मुंबईत येऊ, कारण गोष्टीतली खरी गंमत इथे आहे.

७ जुलै १८९६. काळा घोड्याजवळचं वॉटसन्स हॉटेल. ल्युमिएर बंधूंचा माणूस मारियुस सेस्तिए याने एक रुपया तिकीट लावून हलती चित्रं दाखवली. भारतातला हा पहिला सिनेमाचा खेळ. त्यात सहा छोट्या फिल्म होत्या आणि त्यांतल्या एकीचं नाव होतं 'द सी बाथ', म्हणजे समुद्रस्नान. विचार करा, समुद्राला लागून असलेल्या शहरात लोक पैसे देऊन पडद्यावरचा समुद्र बघत होते!

या खेळांनी एक मराठी माणूस भारावला : हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा. त्यांचा मुंबईत फोटो स्टुडिओ होता. त्यांनी २१ गिनी मोजून लंडनहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. फिल्म धुवायला पुन्हा लंडनला पाठवावी लागली. भारतीयाने केलेलं हे पहिलंवहिलं चित्रण. म्हणजे भारतीय माणसाने सिनेमाचा कॅमेरा पहिल्यांदा रोखला तो राजावर नाही, देवावर नाही, मातीतल्या दोन पैलवानांवर.

ती फिल्म आज आपल्याकडे नाही. पण पैलवानांची नावं आहेत : पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी.

म्हणजे बघा, मद्रासमध्ये चित्र राहिलं आणि नावं गेली. मुंबईत चित्र गेलं आणि नावं राहिली. या दोन्हींमध्ये जास्त जिवंत काय वाटतं? मला तर पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी. त्यांचा चेहरा मी कधीच पाहिलेला नाही, तरी सव्वाशे वर्षांनी परभणीत बसून मी त्यांना नावाने हाक मारतोय. नाव असलं की पुढचा माणूस शोध घेऊ शकतो : गाव कोणतं, वस्ताद कोण, कुस्ती कुणी मारली. नाव नसलं तर फोटो कितीही सुंदर असो, तो देखावा होऊन राहतो.

आज मद्रासच्या त्याच किनाऱ्यावर चित्र बदललंय. चेन्नईजवळच्या कोवलममध्ये मूर्ती मेगवन या मच्छीमाराने गावातल्या पोरांना सर्फिंग शिकवायला सुरुवात केली. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरमला आशियाई सर्फिंग स्पर्धा झाली आणि रमेश बुदिहाळने ब्राँझ मिळवलं. बातमीत फोटो आला आणि फोटोखाली नावही आलं.

मग आपलं काय? आपल्या जिल्ह्यातही जत्रेच्या फडात कुस्त्या होतात, पावसाळ्यात पोरं नदीत सूर मारतात, आणि प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे. लोकेशन चालू असेल तर फोनमधल्या फोटोत तारीख, वेळ, ठिकाण आपोआप नोंदलं जातं. पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो टाकला की ती माहिती गळून पडते. आणि माणसाचं नाव तर फोन स्वतःहून लिहीतच नाही. आमच्या घरी आजोबांच्या काळातला तालमीतला एक फोटो आहे. पाच जण उभे, पाठ कोरी. एका आत्याला त्यातले दोघे ओळखू येतात. उरलेले तिघे म्हणजे आमच्यासाठी मद्रासचं पोस्टकार्ड.

म्हणून या आठवड्यात एक काम करा. घरातला एक जुना फोटो काढा, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा : डावीकडून पहिला कोण? उत्तर फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा, शाई पुढे फुटते. आणि स्वतः फोटो काढाल तेव्हा समोरच्याला नाव विचारा. दहा सेकंद लागतात.

पुढच्या भागात सावेदादांचाच दुसरा किस्सा : १९०१ मध्ये रँग्लर परांजपे विलायतेहून परतले आणि धक्क्यावर कॅमेरा वाट बघत होता. तोवर, राम राम मंडळी!