शेक्सपिअर : आडनाव आणि ढाल

‘शेक्सपिअर’ या आडनावाचा सरळ अर्थ भाला हालविणारा. आज जगद्वंद्य ठरलेल्या या नावाला पूर्वी मुळीच प्रतिष्ठा नव्हती. ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयातील ह्यू शेक्सपिअर याने ते हलके समजले जाते म्हणून १४८७ मध्ये टाकून दिले व ‘सॉण्डर्स’ हे नाव घेतले!

नाटककाराचे वडील जॉन हे स्ट्रॅटफर्डचे हातमोजे शिवणारे कारागीर. १५६८ मध्ये ते नगरप्रमुख झाले. २० ऑक्टोबर १५९६ रोजी त्यांना कुलचिन्ह मंजूर झाले. सोनेरी ढालीवर काळा तिरपा पट्टा, त्यावर रुपेरी टोकाचा सोनेरी भाला. वर पंख पसरून भाला धरलेला ससाणा. टाकाऊ ठरलेले आडनावच चित्ररूपाने ढालीवर चढले. अपात्रांना कुलचिन्हे वाटली जातात, अशी तक्रार राल्फ ब्रुक या कुलचिन्ह-अधिकाऱ्याने १६०२ मध्ये केली. तीत या घराण्याचेही नाव होते. वरिष्ठांनी जॉनच्या नगरसेवेचा दाखला देऊन ती खोडून काढली.

तथापि हा मान घराण्यात पुढे चालविणार कोण? नाटककाराचा एकुलता मुलगा हॅम्नेट अकराव्या वर्षी वारला होता. त्याचे दफन झाले ११ ऑगस्ट १५९६ रोजी, सनदेच्या अवघे दहा आठवडे आधी. स्ट्रॅटफर्डच्या चर्चमध्ये कवीच्या अर्धपुतळ्याच्या वर ती ढाल कोरलेली आहे.