आटोपशीर ट्यूबा

आटोपशीर ट्यूबा : पितळी सुषिर वाद्यांतील सर्वांत खालच्या सुरांच्या वाद्याचा प्रवासाजोगा प्रकार. नळीची लांबी नेहमीच्या ट्यूबाएवढीच ठेवायची, तिची वेटोळी आवळून घ्यायची आणि भोंगा लहान करायचा, अशी याची घडण असते. वाद्य पाठीवर मारून किंवा गाडीच्या सीटखाली सरकवून नेता यावे, हा हेतू. भंडारा जिल्ह्यासारख्या भागात, जिथे बँडपथकाची कमाई गावोगावच्या वरातींवर चालते, तिथे पथकाला हे वाद्य शहरी हौशी वादकापेक्षा जास्त उपयोगाचे आहे. मात्र लग्नाच्या बँडांत आजवर खर्जाची बाजू सांभाळली ती त्याच्या धाकट्या भावाने, युफोनियमने.

सूर किती खाली जाणार हे मुख्यतः नळीच्या लांबीवर ठरते. बी-फ्लॅट ट्यूबाची नळी उलगडली तर सुमारे साडेपाच मीटर भरते, ई-फ्लॅटची चार मीटरच्या आसपास, एफची ३.७ मीटर. युफोनियमची साधारण पावणेतीन मीटर, म्हणजे मोठ्या ट्यूबाच्या बरोबर निम्मी, आणि म्हणून त्याचा सूर एक सप्तक वर. फेटा कसाही बांधला तरी कापड तेवढेच लागते. नळीचेही तसेच आहे. वळणे जवळजवळ आणली म्हणून सूर चढत नाही. पण आटोपशीरपणाची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. पोकळी अरुंद आणि भोंगा लहान झाला की आवाजाचा भरीवपणा कमी होतो, आणि काही स्वर आपल्या जागेवरून किंचित सरकतात. ते वादकाला ओठांनी सांभाळून घ्यावे लागतात. चांगला कारागीर ही तडजोड कुठे करायची ते जाणतो, आणि स्वस्त वाद्यात ती नेमकी खालच्या सुरांतच उघडी पडते.

ट्यूबा जन्मला बर्लिनमध्ये. लष्करी बँडचा प्रमुख विल्हेल्म वीप्रेख्ट आणि वाद्यकार योहान गोटफ्रीड मोरिट्झ यांनी १२ सप्टेंबर १८३५ रोजी त्याचे प्रशियन पेटंट घेतले. बँडला चालत, कधी घोड्यावर बसून वाजवायचे असे, त्यामुळे हे वाद्य उचलून न्यायचे कसे हा प्रश्न पहिल्यापासूनच होता. त्याची उत्तरे वेगवेगळी निघाली. हेलिकॉन खांद्यावरून अंगाभोवती गुंडाळला गेला. जर्मनी-बोहेमियाकडच्या कारागिरांनी सैनिकाच्या पाठपिशवीच्या नावाने ओळखला जाणारा ‘टोर्निस्टर’ ट्यूबा घडवला. आजच्या आटोपशीर ट्यूबाचा तो थेट पूर्वज. अमेरिकेत १८९३ मध्ये बँडमास्टर जॉन फिलिप सूझा यांच्या मागणीवरून सूझाफोन तयार झाला. वजन खांद्यावर घेणारे हे वाद्य पुढे मिरवणुकांचे झाले आणि आपल्याकडेही पोहोचले. काही बँडवाले त्याच्या रुंद भोंग्यावर पथकाचे नाव रंगवून घेतात.

लहान ट्यूबा म्हणजे दुय्यम ट्यूबा, असे मात्र समजू नये. फ्रान्समध्ये ऑर्केस्ट्रात दीर्घकाळ जो ट्यूबा वाजत होता तो सी स्वराचा, सहा पिस्टनांचा आणि युफोनियमपेक्षाही एक स्वर उंच होता. संगीतकार मुसोर्गस्कीची १८७४ सालची ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ ही पियानोरचना फ्रेंच संगीतकार रावेलने १९२२ मध्ये ऑर्केस्ट्रासाठी बांधली, तेव्हा त्यातील अवजड बैलगाडीचे चित्र त्याने याच लहान ट्यूबाच्या हाती दिले. मोठ्या जर्मन ट्यूबावर त्या प्रसंगातले उंच स्वर वादकाची दमछाक करतात, म्हणून आज अनेक ऑर्केस्ट्रांत ती चाल युफोनियमवर वाजते. भंडारा जिल्ह्यातल्या साकोली-लाखांदूरकडे शंकरपट (बैलांच्या शर्यती) पाहत वाढलेल्या वादकाने ही रचना जरूर ऐकावी. चाकांचे ओझे आवाजात कसे उतरते, आणि तेही लहानशा भोंग्यातून, हे तिथे समजते.

विदर्भाला पितळी वाद्यांची ओळख छावण्यांमधून झाली. नागपूरजवळची कामठीची छावणी १८२१ ची. आज तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे केंद्र आहे. लष्करी बँडची वाद्ये, गणवेश आणि कवायतीची शिस्त देशभर लग्नाच्या वरातीत उतरली, आणि वाद्यांचा पुरवठा मेरठच्या जली कोठी भागाने केला. तिथली नादिर अली कंपनी १८८५ ची. भारतातल्या बँडवाल्यांच्या हातातील ट्रम्पेट, युफोनियम, साइड ड्रम यांतला मोठा वाटा आजही मेरठचा असतो.

वाद्ये लष्कराची आली, पण वाजवण्याची रीत आपली राहिली. लष्करी बँडमध्ये ट्यूबा सुरावटीखाली स्वतंत्र खालची ओळ वाजवतो आणि बाकीची वाद्ये तिच्यावर उभी राहतात. लग्नाच्या बँडमध्ये गाणे हेच सर्वस्व. ट्रम्पेट किंवा क्लॅरिनेटने ओळ म्हणायची आणि सॅक्सोफोन-युफोनियमच्या ताफ्याने ती उचलून धरायची. खालचा ठोका मोठ्या ढोलाकडे. या मांडणीत ट्यूबाला स्वतंत्र काम उरत नाही, म्हणून तो मागे पडला. तो न परवडणे हे कारण दुय्यम. याचा दुसरा अर्थ असाही की ज्या पथकाला आपला आवाज शेजारच्या पथकापेक्षा वेगळा करायचा आहे, त्याच्यासाठी ही जागा मोकळी आहे. मुखड्याला षड्ज-पंचमाचा आधार, अंतऱ्यात गाण्याची ओळ एक सप्तक खाली, आणि ढोलाच्या ठोक्यावर आखूड फुंक. एवढे केले तरी बारा-पंधरा जणांचे पथक भरून वाजल्यासारखे वाटते.

जिल्ह्याचे वेळापत्रकही लक्षात घ्यायला हवे. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाल्यावर भंडाऱ्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर असे सात तालुके राहिले. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्री झाडीपट्टीची नाटके आणि दंडार हे लोकनाट्य चालते. तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू होतात, महाशिवरात्रीला तुमसर तालुक्यातील गायमुखची यात्रा येते, आणि एप्रिल-मे म्हणजे लग्नसराईचा भर. एका पथकाला सकाळी एका तालुक्यात नवरदेव मिरवायचा आणि संध्याकाळी दुसऱ्या तालुक्यात हजर व्हायचे असा योग येतो. मेटॅडोरमध्ये ढोल, दिव्यांच्या माळा, जनरेटर आणि माणसे एकत्र कोंबलेली असतात. पूर्ण आकाराचा ट्यूबा नऊ-दहा किलोचा, पितळी सूझाफोन त्याहूनही जड, आणि त्याचा भोंगा पाऊण मीटरच्या जवळपास रुंद. गाडीत या भोंग्यावर कोणी तरी बसतेच. आटोपशीर ट्यूबा हलका असतो, वादकाच्या मांडीवर मावतो आणि गाडी थांबताच हातात येतो. माउथपीस तेवढे वेगळे काढून खिशात ठेवायचे. रस्त्यातल्या खड्ड्याने ते नळीत रुतून बसले तर ओढून काढताना नळीच पिळवटते.

मे महिन्यातले ऊन हा इथला खरा परीक्षक आहे. हवा तापली की तिच्यातून ध्वनी अधिक वेगाने जातो आणि वाद्याचा सूर चढतो. वीस अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, चाळीस अंशांना ३५५ मीटर. हिशेब केला तर पाश्चात्त्य सेमिटोनच्या निम्म्यापेक्षा जास्त फरक पडतो. फुंकेची हवा आधीच उबदार असल्याने प्रत्यक्षात तो थोडा कमी भरतो, पण पथक बेसूर करायला पुरतो. साडेपाच मीटर नळीच्या वाद्यात हा सगळा फरक भरून काढायचा तर लांबी एकोणीसएक सेंटिमीटरने वाढवावी लागेल, म्हणजे सूर जुळवण्याची सरकती नळी साडेनऊ सेंटिमीटर बाहेर ओढावी लागेल. आटोपशीर वाद्यांत ती नळीच आखूड ठेवलेली असते. खरेदी करताना भंडाऱ्याच्या वादकाने आधी ती मोजावी. वरात निघण्यापूर्वी वाद्य सावलीत ठेवावे, दोन-चार मिनिटे नुसती गरम फुंक मारावी, आणि मगच क्लॅरिनेटबरोबर सा जुळवावा. आतून आणि बाहेरून वेगवेगळ्या तापलेल्या वाद्याचा सूर दर गाण्याला हलतो.

मोकळ्या जागेत आवाज कुठे जातो, हा पुढचा प्रश्न. बहुतेक आटोपशीर ट्यूबांचा भोंगा आकाशाकडे असतो. सभागृहात छत आवाज परत खाली पाठवते. वावरात मांडलेल्या मंडपाबाहेर तसे काही नसते. सूझाफोनचा भोंगा समोर वळवला त्यामागे मिरवणुकीची हीच गरज आहे. म्हणून लहान ट्यूबा वाजवणाऱ्याने गल्लीत, भिंतींच्या मध्ये, पथकाच्या आतल्या बाजूला चालावे. भिंती छताचे काम करतात. शिवाय कानाचा एक गुण त्याच्या मदतीला येतो. ट्यूबाच्या ५८ हर्ट्झच्या सुराची लहर सुमारे सहा मीटर लांब असते आणि हातभर भोंगा ती जोमाने बाहेर टाकू शकत नाही. पण त्या सुराचे वरचे अंश ऐकू आले की कान खालचा मूळ सूर स्वतः पुरा करतो. त्यामुळे लहान वाद्यही खोल वाटते. नागपुरी धुमाल पथकांच्या आणि डीजेच्या खोक्यांतून छातीत धडकणारा बास याच्या आवाक्यातला नाही, आणि त्याने त्याच्याशी चढाओढ करूही नये. ट्यूबाचा खर्ज गाण्याबरोबर चालतो, नवरदेवाच्या घोड्याला बुजवत नाही आणि वरातीतल्या म्हाताऱ्या माणसांना एकमेकांशी बोलू देतो. हा गुण मोठा आहे, आणि वधुपित्यांनी सुपारी देताना तो ध्यानात घ्यावा.

रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेचे बंधन बँडलाही लागू आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे असून २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यांत ध्वनिक्षेपकाबरोबर वाद्यांचाही स्पष्ट उल्लेख आला. बंदिस्त सभागृहातले वादन वेगळे.

भंडारा हे पितळी भांड्यांचे जुने गाव. घागरी, गुंड, गंज घडवणाऱ्या हातांना पितळ कळते. तांबे आणि जस्त यांचे प्रमाण बदलले की धातूचा रंग आणि मऊपणा बदलतो, हे त्यांना सांगावे लागत नाही. वाद्याच्या पिवळ्या पितळेत सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असते. सुटलेला जोड झाळून देणे, आधाराच्या काडीला डाग देणे ही कामे तांबटाकडे होऊ शकतात. पोचा काढणे मात्र वेगळे कौशल्य आहे. वाद्याचा पत्रा अर्धा-पाऊण मिलिमीटरचा असतो आणि घागरीसारखा बाहेरून ठोकला तर ताणून पातळ होतो. जाणकार दुरुस्तीवाला नळीतून पोलादी गोळा सरकवतो आणि त्याच्यावर पत्रा हलकेच बसवतो. आटोपशीर ट्यूबात वळणे एकमेकांना खेटून असल्याने आतल्या नळीपर्यंत हत्यार पोहोचत नाही. मग जोड सोडवून नळी बाहेर घ्यावी लागते. याच कारणाने लहान वाद्याची दुरुस्ती कधी कधी मोठ्यापेक्षा महाग पडते. चिंच आणि राखेने घासणे घरच्या भांड्याला चालते, पिस्टनच्या जवळपास ती राख फिरकूही देऊ नये. धानाच्या मळणीच्या दिवसांत उडणारा भुसा हाही पिस्टनचा तेवढाच वैरी. कार्यक्रम संपल्यावर नळ्यांतले पाणी काढून, पिस्टन पुसून, त्यांना तेल लावूनच वाद्य पिशवीत घालावे.

लांबच्या कार्यक्रमाला निघालेले पथक मुंबई-हावडा मार्गावरच्या भंडारा रोड किंवा तुमसर रोड स्थानकावर गाडी पकडते. पहिले शहराबाहेर वरठीला आहे, दुसरे देव्हाडीला. डब्यात आटोपशीर ट्यूबा बर्थखाली जातो, भोंगा भिंतीकडे करून. नागपूरहून विमानाने जायचे असल्यास गणित बदलते. देशांतर्गत विमानांत हातातल्या सामानाला साधारण सात किलो आणि ५५ × ३५ × २५ सेंटिमीटरची मर्यादा असते, आणि ट्यूबा सहसा या मर्यादेत बसत नाही. त्यामुळे टणक पेटीत घालून वाद्य सामानात द्यावे लागते. अशा वेळी पिस्टनच्या टोप्यांभोवती जाड कापड भरून घ्यावे. पेटी आपटली की पहिला मार तिथेच बसतो.

शिक्षणाची वाट या भागात फारशी लांबची नाही. सैन्यदलांच्या बँडवादकांना घडवणारी लष्करी संगीतशाळा सातपुड्यात पचमढीला आहे, पण ती जवानांसाठी. लग्नाच्या पथकांत विद्या उस्तादाकडून येते. गाणे कानाने ऐकायचे, वहीत सरगम उतरवायची आणि बोटे बसवायची. इथे युफोनियमवादकाला एक मोठी सोय मिळते. ब्रास बँडच्या लेखनपद्धतीत बी-फ्लॅट ट्यूबा आणि युफोनियम यांची बोटे सारखीच पडतात. एकच ओळ, तेच पिस्टन, फक्त सूर एक सप्तक खाली. वहीतली सरगम बदलावी लागत नाही. बदलावे लागते ते फुंकणे. माउथपीस मोठे असते, ओठ सैल ठेवावे लागतात, आणि एका ओळीला युफोनियमपेक्षा कितीतरी जास्त हवा जाते. म्हणून पहिल्या लग्नसराईत नव्या ट्यूबावादकाने दर ओळीत श्वासाच्या दोन जागा आधीच ठरवून घ्याव्यात आणि चढावर, पुलावर किंवा वरात वेगाने चालू लागली की फक्त ठोक्याचे स्वर वाजवावेत.