एकत्र बसण्याचा हक्क

चार माणसांनी सायंकाळी एकत्र बसावे, एकाने आपले लिखाण वाचावे आणि इतरांनी त्यावर बरेवाईट बोलावे, यात इतिहास तो कसला, असे कोणी विचारील. आम्ही पडलो कामगार संघटनेतली माणसे. आमची शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण झाले ते अशाच बैठकींत. म्हणून आम्हांला वाटते की, धाराशिव जिल्ह्याच्या साहित्याचा इतिहास पाहताना पुस्तकांच्या यादीआधी या बैठकींकडे पाहावे.

आरंभ तेरपासून करावा लागतो. गोरोबाकाका १३१७ साली समाधिस्थ झाले, असे परंपरा मानते. संतमंडळी जमली असता काकांनी थापटणे हाती घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती तशीच घडली की नाही, हा वाद पंडितांकडे सोपवू. लोकांनी ती इतकी शतके जपली, याचा अर्थ मोठा आहे. नावाजलेल्या कवीलाही आपल्या माणसांत परीक्षा द्यावी लागते आणि परीक्षक चिखल तुडविणारा कुंभार असू शकतो! नामदेव दुखावले, पण पुढे विसोबा खेचरांकडे जाऊन शिकले, असेही कथाच सांगते.

पुढे एक काळ असा आला की, एकत्र बसणेच अवघड झाले. जिल्हा निजामाच्या संस्थानात होता. राज्यकारभार उर्दूतून चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतूनच होते. ‘गश्ती निशान ५३’ या फर्मानाने तर सभा भरविण्यास सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक केली. दार बंद झाले तेव्हा लोकांनी खिडकी शोधली. गणेशोत्सव, वाचनालय आणि शाळा यांच्या आडोशाने मराठी बोलणे, वाचणे चालू राहिले. आपल्याच जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. तेथे पुढे आलेले व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच स्वामी रामानंद तीर्थ, त्याआधी कामगारनेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करीत होते. याचा आम्हांला अभिमान वाटल्यास श्रोत्यांनी क्षमा करावी. कामगाराची सभा आणि लेखकाची बैठक या दोघींना भीती एकाच हुकमाची होती.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि बसण्यावरची बंदी उठली. मग शेतकऱ्यांची मुलेही लिहू लागली. कळंब तालुक्यातील हासेगावचे भास्कर चंदनशिव यांनी ‘लाल चिखल’ या कथेत बाजारात भाव न मिळालेल्या टोमॅटोंचे दुःख मांडले. त्यासाठी त्यांना कुठल्या परवान्याची गरज पडली नाही. १० ते १२ जानेवारी २०२० या दिवसांत ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या शहरी भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते आणि संमेलननगरीला नाव गोरोबाकाकांचे होते. सोहळा मोठा झाला. परंतु मांडव तीन दिवसांत उतरतो. त्यानंतर लेखक घडतो तो दहाबारा माणसांच्या सतरंजीवरच.

अशा एका सतरंजीवरची गोष्ट सांगून थांबतो. आमच्या हमालबांधवांच्या बैठकीत एका तरुणाने हमालीवर कविता वाचली. ओझ्याने मान मोडते, असे तीत होते. सर्वांनी वाहवा केली, आम्हीही केली. कोपऱ्यातला एक म्हातारा हमाल म्हणाला, “पोरा, मान मागनं दुखती. आधी गुडघं बोलत्यात.” तरुण खाली मान घालून निघून गेला. दोन महिने फिरकला नाही. आम्हांला वाटले, एक कवी गमावला. नंतर तो आला, नवी कविता वाचली. म्हातारा काही बोलला नाही, फक्त म्हणाला, “पुन्यांदा वाच.”

आज एकत्र बसायला कोणी अडवीत नाही. पण बैठकीत टाळ्याच तेवढ्या वाजतात. आम्हीही त्या दिवशी टाळीच वाजविली होती, ही कबुली येथे दिली पाहिजे. टाळीने मडके भाजत नाही. बसण्याचा हक्क आमच्या वडीलधाऱ्यांनी मिळवून दिला. खरे बोलण्याचे कर्ज आपण फेडावयाचे आहे.